टाकीतलं पहिलं पाणी

बाबा,

नव्या फिल्टरच्या टाकीतलं पहिलं पाणी पिऊ नका, सगळं सोडून द्या, असं मेकॅनिकनं बजावलंय.

तुमचे कष्ट वाचावेत म्हणून फिल्टर बसवला, असं मी सगळ्यांना सांगतोय. ते अर्धंच खरं. रोज उकळत्या पाण्याचं पातेलं उतरवताना तुमचा हात थरथरतो, त्याची मला धास्ती होती. पण तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. काल तुम्ही ते पातेलं घासून माळ्यावर टाकलंत आणि "चला, आम्ही रिटायर!" म्हणालात, तेव्हा मी नुसता हसलो.

आज "उठा, बाटल्या भरल्या!" ही तुमची रोजची हाक आलीच नाही. सगळेच उशिरा उठलो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून जागेच होतात. म्हणून ही चिठ्ठी.

पाणी मशीन गाळेल. उद्या आम्हाला उठवाल ना?

धाकटा