काकूची हरकत

प्रिय सुजय,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सभेत काकूचं बोलणं ऐकून आधी मोठे साहेब हसले आणि मग सगळे. ते चूक आहे. आमच्या स्वरालीनं सभेत काढलेला व्हिडिओ काल पाहिला. आधी तू हसलास.

चुकलं तर खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, हे मला काकूनंच शिकवलं. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. तिच्या मेसच्या ओट्याशी बसून परातीतल्या पिठात बाराखडी गिरवली. म्हणून सगळं तपासून लिहिते आहे. ही नवी बससेवा मलाही हवी आहे. दतिया गेटपासून विद्यापीठापर्यंत टेम्पोत अंग चोरून मी किती वर्षं गेले! दारात बस टर्मिनल आलं की विद्यापीठाला जास्त बांधकाम मंजूर होतं, हे तूच समजावलंस. बस वळायची जागा आधी त्यांच्याच मैदानात होती. तिथे वसतिगृह बांधायचं ठरलं आणि ती सरकत काकूच्या मेसवर आली, हेही तूच सांगितलंस. तेव्हा तुझा आवाज पडला होता. मला बरं वाटलं होतं.

जागेच्या सुनावणीच्या त्या सभेत काकू उभी राहिली. घाबरली की तिची हिंदी पळते. "माझी हरकत आहे," एवढंच म्हणाली. बस कंपनीचा इंजिनियर म्हणून तू साहेबांशेजारी बसला होतास. त्यांनी विचारलं, माताजी क्या कह रही हैं? तू म्हणालास, "कहती हैं, इनकी हरकत है।" त्यांच्या हिंदीत हरकत म्हणजे खोडी. साहेब म्हणाले, "इस उमर में?" सगळा मांडव खिदळला. काकूही हसली, तिला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं. कागदावर आलं, आपत्ति किसी की नहीं, म्हणजे हरकत कुणाचीच नाही.

आता मुलं मेससमोरून जाताना ओरडतात, "हरकत आंटी, आज कौन सी हरकत?" पहिल्या दिवशी तिनं त्यांना हसून लाडू दिले. आता दार लावून पोळ्या लाटते. आणि तरी बाजू तुझीच घेते. "अगं, त्याच्या घरी हिंदीच चालते, एवढं मराठी कळलं नसेल लेकराला," असं म्हणत साखरपुड्याच्या चिरोट्यांसाठी लोणी कढवते.

मलाही ते खरं मानायचं होतं. पण कॉलेजभर तू तिच्याकडे जेवलास. ताट पुढे करून "और लूँ, काकू?" विचारायचास, ती म्हणायची, "हरकत नाही." पुढे तिची नक्कल करत तूच आधी म्हणायला लागलास, "हरकत नाही!" आणि मला मागणी घातलीस तेव्हा बाबांना विचारलंस, "तुमची काही हरकत नाही ना?" मराठीतच.

बुधवारी पुन्हा सुनावणी आहे, आपला साखरपुडा ज्या दिवशी संध्याकाळी आहे त्याच सकाळी. काकूला घेऊन मी जाईन. साहेबांना त्या शब्दाचा अर्थ सांगेन, आणि तुला तो येत होता हेही, सगळ्यांसमोर. तुझी नोकरी जाऊ शकते, याचाही मी विचार केला आहे. काकू दुपारी म्हणेल, झालं गेलं, पोराला चिरोटे खायला बोलाव. तिची तेव्हाही हरकत नसेल. माझी आहे.

बुधवार, बावीस एप्रिलपर्यंत तुझीच,
अनुया