चालवून बघितलेलं कॉलेज

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर जन्मलेली मुलं आता माझ्यासमोर कॉलेजच्या प्रवेशाला उभी राहतात. मी रसायनशास्त्र शिकवते हे तुम्ही बघून गेलात, पण दर जूनमध्ये मला प्रवेशाच्या टेबलावर बसवतात हे तुम्हाला माहीत नाही. आईवडील येतात, टक्केवारी विचारतात, मागच्या वर्षी यादी कितीला बंद झाली ते विचारतात, वर्गात एसी आहे का हेही विचारतात. मी उत्तरं देत असते आणि रांगेत उगाचच तुमच्यासारखं कोणी दिसतंय का ते बघत असते. तुम्ही जे विचारायचात ते विचारणारं माणूस अजून एकही आलेलं नाही. काल घरी येताना वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं. म्हणून बसले आहे लिहायला.

माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्हाला गिरणी सोडून साकीनाक्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागल्याला दोनेक वर्षं झाली होती. घाटकोपरच्या आपल्या चाळीत मराठी शाळेतल्या मुलीला एवढे मार्क पहिल्यांदाच मिळालेले. आईने पेढे वाटले, आणि पेढ्यासोबत सल्ले परत आले. शेजारचे हापिसात जाणारे काका तर दारातच ठाण मांडून बसले. "अहो, नाव बघा, नाव! पोरगी हुशार आहे, टाउनच्या मोठ्या कॉलेजात टाका. पुढे जन्मभर नाव चालतं." मलाही तेच हवं होतं. दक्षिण मुंबईतलं ते कॉलेज मी एकदा सहलीच्या बसमधून पाहिलं होतं आणि त्या दगडी कमानीखालून आपण आत जातोय असं स्वप्न पुढे कितीतरी दिवस रंगवलं होतं. तुम्ही पेढा तोंडात ठेवून शांतपणे सगळ्यांचं ऐकून घेतलंत. काका गेल्यावर मला म्हणालात, "मार्क म्हणजे माप गो. माप बरोबर इलां तरी चालवन बघूक होया."

ही तुमच्या कामातली रीत होती. शाफ्टवर बेअरिंग बसवलं, माप जुळलं, तरी तुम्ही तेवढ्यावर सोडत नव्हतात. मशीन सुरू करायचं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. घट्ट बसलं असेल तर तापतं, सैल बसलं असेल तर खडखडतं. वर्कशॉपात डबा द्यायला आले की मी हे कितीदा पाहिलं असेल, पण हीच रीत तुम्ही माझ्यावर वापराल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुम्ही तीन दिवसांची रजा टाकलीत. अकरावी सुरू व्हायची होती, पण बारावीचे वर्ग तेव्हा सुरू झालेले असत. आणि त्या काळात मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपल्या तालुक्यातला कोणी ना कोणी शिपाई असायचाच. गावच्या मंडळाच्या बैठकीत तुम्ही तिघांना गाठलंत, 'माझी भाची आहे, एक दिवस मागच्या बाकावर बसू दे' असं त्यांनी सरांना सांगायचं ठरवून ठेवलंत. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "पोरीचां लगीन ठरवतास की काय? कॉलेजा बघूक चललेत!" तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलात आणि मला म्हणालात, चल.

पहिला दिवस मोठ्या कॉलेजचा. आजही डोळे मिटले की तो जिना दिसतो. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, इतकी वर्षं इतकी पावलं त्यावरून गेलेली. वर बघावं तर छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांना लटकलेले. तुमच्या गाववाल्याने मला आधी प्रयोगशाळा दाखवली आणि मी दारातच थबकले. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र तराजू, काचेच्या पेटीत ठेवलेला. आमच्या शाळेत एक तराजू होता आणि तो इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर यायचा. मी काचेवर श्वास पडू नये म्हणून तोंडावर हात धरला. मग वर्ग. सर इंग्रजीत शिकवतायत, फळ्यावर एक षटकोन काढतायत, आणि माझ्याच वयाची वाटावी अशी एक मुलगी उभी राहून इंग्रजीत म्हणते, सर, मला हे पटत नाही. आणि सर चिडत नाहीत! खडू खाली ठेवून म्हणतात, का नाही पटत, सांग. बाबा, मुलीला असं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी बाहेर आले तर तुम्ही समोरच्या फुटपाथवर झाडाखाली उभे. सकाळपासून तिथेच होतात, डबाही उभ्यानेच खाल्लेला. मला वाटलं विचाराल, शिकवलेलं समजलं का. तुम्ही विचारलंत, "आज किती वेळा बोललंस?" मी म्हणाले, एकदाही नाही. तुम्ही "तापता" म्हणालात आणि आपण स्टेशनकडे चालू लागलो.

दुसरं कॉलेज घराजवळचं. तिथे अर्धी आमचीच शाळा भरलेली. मी इतकी बोलले की मोजदादच सोडून दिली. दोन तास सर आलेच नाहीत आणि आम्ही भेंड्या खेळलो. गाववाल्याने तुम्हाला तराजूंचं कपाट दाखवलं म्हणे, त्याचं कुलूप उघडेना. घरी जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "खडखडता."

तिसरं मुलुंडचं. इमारत साधी, जिना लोखंडी. बाई इंग्रजीत शिकवत होत्या आणि अडलेले चेहरे दिसले की तोच मुद्दा मराठीत सांगून पुन्हा इंग्रजीत शिरत होत्या. तराजू दोघींत एक. मी रिकामी जागा बघून बसले तर एक मुलगी येऊन उभी राहिली. "ए, ऊठ ना, ही माझी जागा आहे." मी म्हणाले, "का गं, नाव लिहिलंय का तुझं?" तिने वही बाजूला सरकवली. बाकावर कर्कटकाने तिचं नाव खरंच कोरलेलं होतं. "लिहिलंय, वाच!" मी तरी उठले नाही. शेवटी दोघी अर्ध्या अर्ध्या बसलो, दिवसभर एकमेकींना कोपराने ढकलत राहिलो आणि मधल्या सुट्टीत तिने मला बाईंनी दिलेलं गणित विचारलं. संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं, आठ वेळा बोलले, त्यातली पाच वेळा भांडले. तुमचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "भांडलंस? मगे झालां!"

दोन्हीकडच्या याद्यांत नाव लागलं, मोठ्या कॉलेजच्याही आणि मुलुंडच्याही. तुम्ही मला समोर बसवून म्हणालात, "मियां आयकलंय तां तुका सांगलंय. आता तुका होया तां सांग." मी म्हणाले, तुम्हीच ठरवा. तुम्ही मुलुंड म्हणालात. मग मात्र मी थयथयाट केला. दोन दिवस जेवले नाही. चाळीत सांगत सुटले की बाबांनी माझं वाटोळं केलं. काकांनी तुम्हाला ऐकवलं, फिटर माणसाला कॉलेजातलं काय कळणार. तुम्ही शर्टाची बटणं लावत ऐकून घेतलंत आणि कामाला गेलात.

आज मी वर्गात उभी राहते आणि मागच्या बाकांवर गप्प बसून राहिलेली मुलं बघते. नव्वद टक्के मिळवलेली, मापात चोख बसलेली आणि आतून तापत चाललेली मुलं. काही जण दिवाळीनंतर येईनासे होतात. गावच्या शाळेत चार यत्ता शिकलेल्या माणसाला हे आधी कसं उमगलं, मला अजून थांग लागत नाही. पुस्तकातून नाही, कोणाच्या सांगण्यावरून नाही. दिवसभर फुटपाथवर उभं राहून. मुलुंडच्या बाईंनी मला प्रश्न विचारायला शिकवलं, बाकावरची ती मुलगी आजही मला फोनवर ढकलत असते, आणि मी जी काही आहे ती तिथेच झाले. तरी तुम्ही असेपर्यंत मी टोमणा सोडला नाही. पीएचडी मिळाली त्या दिवशीही पाहुण्यांसमोर म्हणाले, मोठ्या कॉलेजात टाकलं असतं तर हे आधीच झालं असतं. तुम्ही सरबताचा पेला हातात घेऊन हसलात. म्हणालात, "असात, माझां चुकलां असात."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्न नाही, कारण ते टाकायचंच नाही. कागदावर उतरलं की निदान मला वाचता येईल. बाबा, मोठ्या कॉलेजात मी बोलले होते. माझं पेन बंद पडलं तेव्हा शेजारच्या मुलीने तिचं दिलं, आधी इंग्रजीत आणि मग मोडक्या मराठीत माझं नाव विचारलं, शाळा विचारली, कँटीनमध्ये नेलं. निघताना म्हणाली, तू इथेच ये, मी जागा धरून ठेवते. मला तिथे जमलं असतं. ते कळलं आणि त्याच क्षणी मी घाबरले, त्या कमानीला, त्या मुलींना, रोज तेवढं मोठं व्हावं लागेल याला. म्हणून तुम्ही फुटपाथवर विचारलंत तेव्हा मी 'एकदाही नाही' असं खोटंच सांगितलं, आणि ती भीती कोणाला दिसू नये म्हणून पुढे थयथयाट केला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतलात आणि त्याचा दोष मरेपर्यंत स्वतःकडे ठेवलात. पीएचडीच्या दिवशीही मी तुमच्या हातातला तो सरबताचा पेला भरून दिला आणि पाहुण्यांकडे वळले.