भाऊजींच्या दिशेची तार

भाऊजी,

वयाने तुम्ही माझ्याहून मोठे म्हणून नमस्कार, आणि नात्याने मी तुमची वहिनी म्हणून आशीर्वाद. दोन्ही एकाच पाकिटात पाठवते आहे. तुम्हाला लागेल ते जमेस धरा, उरलेले जाऊबाईंना द्या. तुमची पाठ आता कशी आहे? थंडीत कंबरेला गरम पट्टा बांधत जा. दुकानातलाच हवा असे नाही, जुन्या लोकरी मफलरचाही होतो. जाऊबाईंचे गुडघे, मुलीची परीक्षा, तुमच्या गळक्या छताचे काय झाले, सगळे कळवा. इकडे आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. तुमच्या दादांची तब्येतही ठणठणीत आहे, फक्त मन गच्चीवर असते आणि जेवायला नुसते शरीर खाली येते.

तुमच्या नावाने माझे हे पहिलेच पत्र. जाऊबाईंना मी नेमाने लिहिते आणि त्या तुम्हाला वाचून दाखवतात (तुम्ही पेपर वाचत असल्यासारखे करून ऐकता, हेही त्यांनी कळवले आहे). पण या वेळी थेट तुम्हाला लिहायची पाळी आली, कारण माझ्या घराचे जे काही झाले आहे त्याचे मूळ तुमच्या तोंडून निघालेल्या एका शब्दात आहे. रेडिओवाल्यांच्या त्या मेळाव्यात चारचौघांसमोर तुम्ही हसत हसत म्हणालात, 'दादाचा हात लंगडतो.' हे घरी येऊन मला एवढेच म्हणाले की हाताबद्दल बोलला, आणि मी बापडी दोन दिवस यांच्या मनगटाला तेल चोळत बसले. मग कळले की मोर्सची टिंबे आणि रेघा यांच्या बोटांतून सारख्या पडत नाहीत असा त्याचा अर्थ. ज्या माणसाने तुम्हाला लहानपणी जेवणाच्या टेबलावर चमचा वाजवून ती टिंबे शिकवली, त्याला तुम्ही हे म्हणालात. यांनी रेडिओ ट्रंकेत घातला, खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि शपथ घेतली, की त्याला पत्र लिहिणार नाही, फोन करणार नाही, त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. मी तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होते. वाटले, आठवडाभर टिकेल. तिसरे वर्ष चालू आहे.

तुम्हा दोघांचे बोलणे होईपर्यंत मी चहातली साखर सोडली आहे. (साखर वाचते ती वेगळी, पण ते मी देवाला सांगितलेले नाही.)

भूमापन कचेरीतून हे निवृत्त झाले तेव्हा मला वाटले, आता माणूस भाजी आणील, दिवे पुसेल. यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसून राहिले. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी जन्मभर कागदावर उतरवणारा माणूस, पण स्वतःला कुठून कुठे जायचे ते सापडेना. आणि मग एके सकाळी दात घासता घासता बाहेर आले आणि म्हणाले, "शपथेत रेडिओ नव्हता." मी म्हटले, "आधी चूळ भरा." चूळ भरून आले आणि मला समजावले, की हवेत आवाज मोकळे फिरत असतात, तिथे कोणी कोणाला योगायोगाने भेटले तर त्याला शपथ मोडणे म्हणत नाहीत. मी म्हटले, मग खिडकीतून एक तार सोडा आणि भेटा योगायोगाने. तर म्हणे, तशी तार सगळीकडचे थोडे थोडे ऐकते, मला एका दिशेचे नीट ऐकायचे आहे. "कुठल्या दिशेचे?" मी विचारले. "सगळ्याच," हे म्हणाले, "एकेक करून." तुमचा देश सरळ पश्चिमेला आहे हे मला काय ठाऊक नव्हते?

तर भाऊजी, यांनी मग गच्चीवर उभारलेल्या या अँटेनाची रचना तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत असणार, पण मला काय भोगावे लागले ते कळावे म्हणून लिहिते. गच्चीच्या मध्यभागी एक उंच खांब. त्याच्या शेंड्यापासून गच्चीच्या चार बाजूंना चार तारा उतरत्या, तंबूच्या दोऱ्यांसारख्या. शेंड्याखाली एक डबा, त्यात चार रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारे खटके. खाली टेबलावर एक बटण. ते ज्या बाजूला फिरवावे त्या बाजूची तार जिवंत होते आणि बाकीच्या तिघी मागे उभ्या राहून तिला पुढे ढकलतात, फोटो काढताना घरातले एकाला पुढे ढकलतात तसे. समोरचे अगदी स्वच्छ ऐकू येते, मागचे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. (हा गुण यांच्यात तारेवाचून आधीपासूनच आहे.)

सामान घरातूनच उचलले. तारा ओढून बांधायला माझ्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गेल्या. तारांच्या टोकांना वीज अडवणाऱ्या चकत्या लागतात, त्यासाठी माझी भाजी चिरायची पांढरी प्लॅस्टिकची पाटी करवतीने कापली. रिले ठेवायला माझा घट्ट झाकणाचा डबा गेला, तोही आतले डाळीचे पीठ वर्तमानपत्रावर ओतून. तांब्याची तार मात्र विकत आणली, आणि तो खर्च वहीत कुठे लिहावा यावर मी बराच वेळ पेन धरून बसले. घरखर्च म्हणावा तर घरात काही आले नाही. करमणूक म्हणावी तर कोणी हसले नाही. शेवटी औषधपाणी या सदरात लिहिला.

खांब उभा करायला टाकी दुरुस्त करायला आलेल्या नळवाल्याला धरले. त्याने दोरी ओढली, यांनी बूड धरले, आणि मी खांब ज्या बाजूला पडेल त्या बाजूला उभे राहून प्रार्थना केली. खांब कलला तो खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या खिडकीकडे, आणि थेट तिच्या काचेसमोर येऊन थांबला. नळवाला म्हणाला, "काका, टाकी गळतेय ते परवडलं." उभा राहिला एकदाचा. दुसऱ्या दिवशी मी धुतलेल्या चादरी हातात घेऊन गच्चीवर उभी, दोरी कुठे आहे? दोऱ्या तारांना ताणून धरण्यात गुंतलेल्या. मग मी दोन चादरी पश्चिमेच्या तारेवर टाकल्या. ओल्या चादरीचे वजन तुम्हाला सांगायला नको. तार तुटली, डबा हलला, खांब वाकून मला नमस्कार करू लागला. हे माझ्यावर चिडून तार पुन्हा जोडत बसले, पण चादरी मात्र स्वतः पिळून दिल्या.

मग शिवणवाली वर आली. हे मोर्सची पट्टी दाबू लागले की तिचे विजेचे शिवणयंत्र पायही न लावता चालू होते. एक लांब टाका, दोन आखूड, पुन्हा लांब. तिने एका गिऱ्हाइकाची बाही दाखवली, ती तोंडाशी शिवून बंद झाली होती. मला म्हणाली, "ताई, तुमच्या साहेबांना काय सांगायचं असेल ते मला तोंडी सांगायला सांगा." यांनी तिच्या यंत्राच्या वायरीत रेडिओच्या लहरी अडवणारी काळी कडी अडकवून दिली तेव्हा ते थांबले. पण बाही हातात घेऊन हे मात्र खिडकीपाशी गेले, टाके वाचले आणि हिरमुसले. टाके खरोखरच सारखे नव्हते.

आता मुख्य गोष्ट. बटण कुठे फिरवले की कुठला देश, हे दिसावे म्हणून यांनी एक गोल नकाशा काढला. मध्ये आमचे घर आणि सभोवार सगळे जग, जो देश घरापासून ज्या दिशेला तो तिथे. काम सुरेख, कचेरीत शोभेल असे. पण कागद दमट हवेने वळायला लागला. मी म्हटले, कापडावर भरून देते, कापड वळत नाही. जुन्या उशीच्या अभ्र्याची मागची बाजू अजून पांढरी होती. माझी पद्धत अशी, की मऊ पेन्सिलीने चित्र गिरवायचे, ते कापडावर पालथे घालायचे आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. जन्मभर मी अशीच फुले काढली. नकाशा छान उमटला, फक्त देशांची नावे उलटी आली. ती मी खोडली आणि सुलटी भरली, उलटी अक्षरे कोणाला बरी दिसतील? तुमचा देश निळ्या रेशमाने भरला, कारण तो धागा उरला होता. (खोटे कशाला लिहू, मुद्दाम आणला होता.) यांनी कापड एका लाकडी पाटीवर टाचण्यांनी बसवले, मधोमध बटण लावले आणि आम्ही दोघे बराच वेळ बघत बसलो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी हे बटणाचा काटा त्या निळ्या रेशमावर आणून बसतात. तुमची कॉलसाइन, म्हणजे तुम्हाला सरकारने दिलेले ते हवेतले नाव, हे चुकूनही वाजवत नाहीत. सगळ्या जगाला मिळून एक हाक असते ती मारतात, पण तोंड तुमच्याकडे. मीही तेव्हा प्रार्थना आटोपून येते. मी देवाला हाका मारून आलेली, हे जगाला मारत बसलेले; फरक एवढाच, की उत्तर आले नाही म्हणून मी तारा बदलत नाही. यांना उत्तरे यायची, पण सगळी पूर्वेकडच्या लोकांची. काटा पूर्वेला नेला की पश्चिमेचे लोक बोलायचे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काहीतरी चुकले. हे पडले जाणकार. म्हणाले, लहरी पृथ्वीला उलट बाजूने वळसा घालून येतात, असे होते कधीकधी. उत्तर-दक्षिण बरोबर चालत होते, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. आणि प्रत्येक रविवारी दुपारी खुर्ची मागे सारून हे म्हणायचे, "नाही. तो रेडिओवर नाहीच बसत आता."

मागच्या पंधरवड्यात हे चष्म्याच्या दुकानात गेले असताना मी कापड काढून धुतले. भरतकाम असले की इस्त्री मागच्या बाजूने करायची असते, म्हणून पालथे घातले. आणि भाऊजी, समोर माझ्या शाळेतला नकाशा. गाठी, लोंबते धागे, सगळे होते, पण देश जिथल्या तिथे. पूर्व पूर्वेला, पश्चिम पश्चिमेला. फुलाला डावे-उजवे नसते म्हणून आजवर माझे कुठे अडले नव्हते. मी इस्त्री उभी केली आणि खाली बसले. इतके रविवार हा माणूस तुमच्याकडे पाठ करून तुमची वाट पाहत होता, आणि पाठ मी फिरवून दिली होती.

सांगायचे कसे? मी कापड तसेच उलटे, गाठी वर करून, पाटीवर टाचले आणि नावांच्या कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या. हे आले. "हे काय?" मी म्हटले, "उन्हानं रंग उडतो, म्हणून उलटं लावलं." यांनी नवा चष्मा घातला, आमच्या घरापासून निळ्या गाठींपर्यंत बोट नेले, तिथेच ठेवले. मग म्हणाले, "बरं केलंस." भूमापन कचेरीतल्या माणसाला समजायचे ते समजले असणार.

पुढचे लिहिण्यासारखे नाही. यांनी जाहीर केले आहे, की या महिनाअखेर खांब उतरवायचा आणि रेडिओ पुन्हा ट्रंकेत घालायचा. मीही दमले आहे. मला माझ्या दोऱ्या परत हव्या आहेत, डबा हवा आहे. म्हणून हात जोडून मागणे एवढेच, की तुम्ही जाणकार म्हणून दोन ओळी लिहून पाठवा, की या जातीची अँटेना अशा गच्चीवर चालत नाही. जाऊबाईंच्या पत्रात घाला, मी सहज वाचल्यासारखी वाचेन. म्हणजे खांब उतरवताना यांच्या जिवाला लागणार नाही.

मुलीला गोड पापा. छताकडे पावसाच्या आधी बघा.

तुमची,
वहिनी

ता. क. त्या दोन ओळी पाठवू नका. अँटेना उत्तम चालते. कापड उलटे लावल्यावरच्या पहिल्याच रविवारी यांनी काटा फिरवला, आणि तुम्ही होतात. तुम्ही दुसऱ्याच कोणाशी तरी हवापाण्याबद्दल बोलत होतात. यांनी कागदावर काही लिहून घेतले नाही, नुसते हात मांडीवर ठेवून ऐकत होते. तुमचे संपले, यांनी बोट पट्टीवर ठेवले, आणि तसेच ठेवून बसले. मी म्हटले, "वाजवा की." म्हणाले, "आधी त्यानं बोलवायला पाहिजे." मग तुम्ही बंद झालात. खांब उतरवायचे ठरले ते त्या दुपारी. पूर्वी वाटायचे तुम्ही नाही आहात. आता कळले की आहात.

ता. क. दुसरा. जाऊबाई लिहितात, की तुम्हीही रविवारी सकाळी हेडफोन कानाला लावून बसता, त्यांनी विचारले की म्हणता, "सेट तपासतोय." आणि कागदावर यांची कॉलसाइन लिहिलीत की उठून खोलीचे दार लावून घेता. म्हणजे तुम्हाला हे ऐकू येत आहेत. पाठ फिरवलेली असतानाही अंधुक येतच असणार. मी हे यांना सांगितलेले नाही.

ता. क. शेवटचा, आणि पत्र लिहायचे कारण. महिना संपायच्या आतल्या रविवारी यांची कॉलसाइन वाजवा. माफीबिफी मागू नका, मोर्समध्ये ती फार लांबते आणि मध्येच कोणीतरी चुकते. मी लिहिल्याचेही कळू देऊ नका. नुसते यांचे नाव एकदा वाजवा आणि गप्प बसून वाट पाहा. गप्प बसण्याचा तुम्हा दोघांना सराव आहेच. फक्त या वेळी आधी हाक मारा, मग बसा.