बायकांच्या पेटीतलं एक मत

९ मे, कुवेत

आणि परत तेच! बाबांचा फोन. म्हणे बेकनं, आमच्या भागाच्या जमीनदार आमदारानं, विमानाचं तिकीट दिलंय, मत टाकायला गावी ये, नाही आलास तर माझं नाक कापलं जाईल. नाही येणार! आजोबांनी बेकच्या बापाला मत दिलं, बाबांनी बेकला, आता मी बेकच्या पोराला? म्हटलं, "बाबा, ते पिढ्यान्‌पिढ्या आमदार आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या दारात!" तर म्हणाले, "तुझ्या आईची किडनी गेलीय, तिचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर धुतलं जातं ते त्यांच्या चिठ्ठीवर, शहाण्या. बेकविरुद्ध उभी राहिलेली तुझी ती पोरं धुणार का?"

फोन आपटला मी.

१३ मे

हनादी, माझी धाकटी बहीण, त्या पोरांच्या नव्या यादीची, म्हणजे त्यांच्या उमेदवारांच्या गटाची, पत्रकं वाटते. बाबांनी फाडली. "दादा, आमच्यातल्या एकाही उमेदवाराकडे गाडी नाही!" हसत सुटलो. भट्टीत पाव जळाले. मुकादमाच्या शिव्या.

१५ मे

मतदान झालं. घरी कुणी फोन उचलत नाही.

१६ मे

आमच्याकडे बायकांची पेटी वेगळी. त्या अख्ख्या पेटीत पोरांच्या यादीला मत पडलं — एक! मोजताना बेकची माणसं समोरच. कुणाचं, हे काय विचारायचं? बाबांनी हनादीला घराबाहेर काढलं. मैत्रिणीकडे आहे.

मी फोन केला, "शाब्बास वाघिणी!" तर रडायलाच लागली. "मी नाही टाकलं, दादा. आईच्या मशीनसाठी बेकच्या पोराला टाकलं."

खोटं! घाबरली. म्हटलं, "टाकलंस तर टाकलं म्हण की!" तिनं फोन ठेवला.

२० मे

हॉस्पिटलवाल्यांनी आईला सांगितलं, फुकट उपचारांच्या यादीत आता नाव नाही, खाजगीत जा. तिचे पाय सुजलेत. बाबा बेकच्या दारात दोन तास उभे. कॉफीसुद्धा विचारली नाही. फोनवर रडले — माझा बाप! "पोरगी आईच्या जिवावर उठली," म्हणाले. मी हो म्हणालो. का म्हणालो?

२४ मे

आईचा फोन. दम लागत होता. "नझीर, ते मत माझं होतं रे. जन्मभर बाबांनी दाखवलं तिथं टाकलं. पडद्याआड गेले, वाटलं, एकदा तरी पोरीच्या बाजूनं. एकच तर, कुणाला कळणार? बाबांना आत्ताच सांगितलं." मग म्हणाली, "मशीनला पैसे पाठवू नकोस. हनादीला शिकू दे."

तिचं ऐकणार नाही. होते तेवढे पाठवतोय. हनादीला तीस दिनार. मशीनला नव्वद.