दहा बोरची तोफ आणि तुमचा एक बार

तीर्थरूप काकाजी,

पायांवर डोकं ठेवलं आहे, पण वर पाहायची हिंमत नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. बाहेरगावाहून पत्र आलं की मीच मोठ्याने वाचून दाखवायचो आणि तुम्ही सुपारी कातरत "फिरून वाच" म्हणायचात. मग आता, तुम्ही गेल्यावर, तुम्हालाच पत्र का लिहितोय? काल तुमची तेरवी झाली म्हणून. पंगत उठल्यावर पाटलांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "म्हातारा गेला, पन पुतण्याच्या रूपानं गावची बंदूक मांगं ठेवून गेला." लोकांनी माना डोलावल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पोराला दुःख झालं. दुःख होतंच हो! पण मान लाजेने खाली गेली होती.

'मेल्या म्हशीला मणभर दूध' असं तुम्हीच हसून म्हणायचात. म्हणून तुमचे गुण गात बसत नाही. माझा अवगुण सांगतो.

गोंदियाच्या दुकानातला तो दिवस आठवतो? देश स्वतंत्र होऊन दोन-तीन पावसाळे झाले होते. साहेब लोक सामानसुमान विकून निघून गेले होते आणि त्यांच्या बंदुका दुकानात ओळीने उभ्या होत्या. रानडुकरं आपल्या धानाच्या बांध्या उकरून टाकत होती. घरात तुमची जुनी बारा बोरची एकनळी होती, पण मला माझी स्वतःची हवी होती. बाबांनी एकच अट घातली होती, काकाजी सांगतील तीच घ्यायची.

तुम्ही बारा बोरची दुनळी माझ्या हातात दिलीत. "डोरे मिट. खांद्याले लाव. आता उघड." उघडले, तर नळीच्या टोकाचा मणी बरोबर नजरेसमोर! तुम्ही खूश झालात. पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या दहा बोरकडे गेलं होतं. या बंदुकांची रीतच उलटी, आकडा लहान तेवढी नळी मोठी. दुकानदार म्हणाला, "बाबू, ऐसी तोप पूरे इलाके में किसी के पास नहीं." झालं! मी डोळे मिटून ती खांद्याला लावली. उघडले, तर नळी जमिनीकडे लवलेली. तरी म्हणालो, होईल सवय.

"काऊन रे सुक्या, डुक्कर मारतेस का किल्ला पाडतेस?" तुम्ही हसलात. मग जवळ येऊन हळूच म्हणालात, "बंदूक खांद्यावर शोभली पायजे, भिंतीवर नाई. अन् हिचे काडतुसं इथं भेटत नाईत. नागपूरहून आनाव लागतीन. पाह्य बापा."

मी काही पाहिलं नाही. घरी येऊन बाबांना ठोकून दिलं, काकाजींनीच निवडली. तुम्ही दारात उभे राहून ऐकलंत आणि गप्प बसलात. का गप्प बसलात? तेव्हाच कान पिळला असता, तर पुढचं टळलं नसतं का?

नागपूरहून आणलेली काडतुसं मी कोनाड्यात मांडून ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत म्हणून. तुमची मात्र टिनाच्या डब्यात, कोरड्या राखेच्या पुरचुंडीसोबत. पावसाळ्यात ऊन पडलं की तुम्ही ती सुपात घालून अंगणात ठेवायचात. मी म्हणायचो, काकाजी, पापड वाळले का? "कागदाचं आंग हाय त्याचं, पानी पेते," एवढंच तुम्ही म्हणायचात.

धान लोंबीवर आलं आणि गावाने डुकरं उठवायला हाका ठरवला. सकाळची वेळ होती. नाल्याच्या तोंडाशी मी आणि वीस-पंचवीस पावलांवर मोहाच्या झाडाआड तुम्ही. जागेवर बसल्याशिवाय बंदूक भरायची नाही, हा तुमचा नियम. पलीकडून गडी डबे बडवत निघाले, तेव्हा मी नळी उघडली आणि काडतूस घातलं. ते अर्ध्यातच अडकलं. ओढून काढलं, दुसरं घातलं, तेही अडकलं. चार महिने दमट कोनाड्यात राहून सगळी फुगली होती! घरी एकदा घालून पाहायचं तरी सुचावं ना!

तेवढ्यात झुडपं हलली आणि डुक्कर सरळ माझ्या अंगावर आलं. माझ्या हातात उघडी, रिकामी तोफ. एकच बार झाला, तुमचा. डुक्कर माझ्यापासून चार हातांवर कोलमडलं.

गडी धावत आले. मी अडकलेलं काडतूस खिशात कोंबून नळी मिटली होती. कोणीतरी ओरडलं, "का आवाज झाला बापा! तोफच फुटली!" दुसऱ्याने विचारलं, "कोनाचा बार?" आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मांसाचे वाटे सगळ्या हाकेकऱ्यांचे सारखे, पण मुंडी ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याची. पळसाच्या पानांवर ठेवून, पाटलांच्या अंगणात नाव पुकारून द्यायची. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि मी म्हणालो, "माझा."

तुम्ही नळीतलं रिकामं काडतूस काढून खिशात टाकलंत. परतताना बांधावर एवढंच म्हणालात, "काडतुसं वारवत जा." अंगणात माझं नाव पुकारलं गेलं. त्या दिवशी मी मुंडी घरी आणली, काकाजी, आणि दोन घास जास्तच जेवलोसुद्धा!

खोटं तिथेच थांबलं असतं तर! पुढच्या वर्षी परवान्यांची तपासणी झाली. पिकाच्या राखणीला गावात एकच बंदूक पुरे असं ठरलं. कोणाची ठेवायची, असं गावाला विचारलं. लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "म्हाताऱ्याचा आता नेम नाई राहिला." तुमचा नेम! ज्या नेमाने मी आज जिवंत आहे! एक शब्द बोलायचा होता. मी मूग गिळून बसलो. तुम्ही एकनळी तेलाच्या चिंधीने पुसलीत, दस्त्यावरून एकदा हात फिरवलात आणि ठाण्यात जमा करून आलात.

त्या कार्तिकात डुकरं तुमच्याच धानाच्या बांधीत शिरली. तुम्ही दिवस कलताना बांधावर बसून काठीने डबा बडवत होतात. तो आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. नागपूरहून नवी काडतुसं आलेली नव्हती आणि गावची बंदूक, म्हणजे मी, दार लावून आत बसलो होतो.

काल सगळे गेल्यावर काकीने तो टिनाचा डबा माझ्यापुढे ठेवला. सात काडतुसं. कोरडी ठणठणीत. म्हणाली, "हर पावसाळ्यात ऊन पडलं का वारवत. मी म्हनो, बंदूक तं गेली, आता कायले वारवता? तं म्हनत, सुक्या एक दिवस येऊन सांगन. मंग त्याले बारा बोरची घेऊन देऊ. तवा कामी पडतीन."

एक दिवस येऊन सांगेल! म्हणजे तुम्ही ती मुंडी मला देऊन टाकली नव्हती. ठेवायला दिली होती आणि वाट पाहत होतात. चार वर्षं मी रोज तुमच्या अंगणावरून गेलो, आणि काय बोललो? यंदा पाऊस बरा आहे!

घरी येऊन तुमचं एक काडतूस माझ्या तोफेत घालून पाहिलं. सैल पडून आत खुळखुळलं. नळी तिरपी करताच घरंगळून बाहेर आलं.

आता वचन देतो. उद्या सकाळी हे पत्र काकीला वाचून दाखवीन. तिलाही वाचता येत नाही, तेव्हा प्रत्येक अक्षर माझ्याच तोंडून निघावं लागेल. मग पाटलांच्या अंगणात, त्याच जागी उभा राहून, गावाला वाचून दाखवीन. कोणी हसलं, कोणी थुंकलं, तरी मधली ओळ गाळणार नाही. शेवटी तुमचं नाव पुकारीन. बाराची घ्यायची की नाही, ते त्यानंतर काकी ठरवील. तोवर काडतुसं मी वाळवीन.

आणि काकाजी, तुम्ही कुठून ऐकत असाल, तर "फिरून वाच" म्हणा. मी पुन्हा वाचीन.

तुमचा,
सुक्या