खिटीची दोरी

आप्पा, घराचं दार बदललं. तुम्ही बसवलेलं ते प्लायचं दार खालून पार फुगलं होतं. आई रोज सकाळी उंबरठ्यावर तांब्याभर पाणी ओतते, हळदकुंकू वाहते. तेवढ्यात दाराचीही आंघोळ व्हायची. उघडताना फरशीवर असं करकरायचं की आमच्याकडं कुणी आलं ते सगळ्या गल्लीला कळायचं. मला त्याची लाज वाटायला लागली ती तिचे वडील रविवारी घर बघायला येणार असं ठरल्यावर. ती म्हणजे मागच्या गल्लीतली. तुम्ही होतात तेव्हा फ्रॉकात फिरायची. तिच्यापायी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं अन् गुलमंडीत कापडाच्या दुकानात लागलो, लवकर पायावर उभं राहायला. आई म्हणते, तुला सगळ्याचीच घाई.

पैसे बेताचेच होते. मला चकचकीत सनमायकाचं नवं दार हवं होतं. आई मला जुन्या लाकडाच्या वखारीत घेऊन गेली. पाडलेल्या घरांची दारं तिथं भिंतीला टेकून उभी. एका सागवानी दारावर तिनं बोटं वाजवली, वास घेतला. रंगाचे पापुद्रे निघालेले, कुणाच्या तरी नावाच्या पाटीची भोकं तशीच. मी तोंड वाकडं केलं. वखारवाले चाचा हसले. म्हणाले, “बेटा, नया दरवाजा देखने का, पुराना लगाने का. अम्मा रोज नहलाई तो भी इसकू कुछ नै होता.”

तेच घेतलं. मी स्वतः घासलं, पाटीची भोकं लांबी भरून बुजवली, पॉलिश मारलं. खरंच देखणं झालं. अन् सुतार बिजागऱ्या लावत असताना आई त्याला म्हणते, इथं एक भोक पाडा, दोरीसाठी.

तुमची दोरी, आप्पा. चिकलठाण्याच्या कंपनीतून दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा येताना आईची झोप मोडू नये म्हणून तुम्ही आतल्या खिटीला दोरी बांधून बाहेर सोडली होती. ओढली की खिटी वर. मी भडकलो. म्हटलं, आप्पा जाऊन इतकी वर्षं झाली, आता काय ते येणार हायत का? बोलून गेलो. सुतारानं ड्रिल खाली ठेवलं. आई शांतपणे म्हणाली, “ते नाय येणार. तू येतोस ना. भांडून जातोस, अन् परत येताना दार वाजवायला तुला जड जातं. इतक्या वर्षांत तुला दार उघडायला मी कधी उठलेय का?”

भोक पडलं.

रविवारी तिचे वडील आले. दारावरून हात फिरवला, साग हाय म्हणाले. मग कॉलेजचं विचारलं. पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला. त्यांनी चहा अर्धा ठेवला. जाताना आईला म्हणाले, पोरगं वाईट नाय, पण आधी शिक्षण पुरं करू द्या, मग बघू. ते गेल्यावर मी आईवरच ओरडलो अन् दार आपटून बाहेर आलो.

ओट्यावर बसून हे लिहितोय. धाडणार कुठं, खिशातच राहील. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. दोरी समोर लोंबतेय; आईनं टोकाला गाठ मारलीय, हाताला सापडावी म्हणून. राग मघाशीच उतरलाय, आप्पा. लगेच आत गेलो तर बरं दिसत नाही, म्हणून बसलोय.