लाकूड शिकायला कॅनडाला

हुडकेश्वर, नागपूर

तीर्थरूप कुसुमआत्याबाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते (ऑपरेशनच्या गुडघ्याला धक्का न लावता). नवा गुडघा वाकतो का, आणि जुना त्याचा हेवा करतो का, ते कळवा. आमच्या मामाजींना ऐकू यायचं मशीन बसवल्याचं समजलं. आता तुमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू येतं, तेव्हा ते खुश आहेत की नाही हे मी विचारत नाही. काटोलच्या बागेत यंदा बहार चांगला धरला असं बाबा म्हणाले, वाचून नाही तर ऐकून आनंद झाला.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिली, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरी फोन लागतो तो स्पीकरवरच, आणि तुमच्याकडे तो मामाजी उचलतात. म्हणजे दोन घरांतली माणसं तारेवरून ऐकतात आणि शेजारपाजारची मामाजींच्या आवाजावरून. मला जे सांगायचंय ते तुम्हाला एकटीला सांगायचंय. त्यामुळे चष्मा लावून, पाय उशीवर घेऊन, निवांत वाचा.

तुम्हाला माहीत आहेच की मी सिव्हिल इंजिनिअरिंग करून दोन वर्षं एका बिल्डरकडे नोकरी केली आणि यंदा बाहेरच्या विद्यापीठांत एम.एस.साठी अर्ज करायचं ठरवलं. बाबांनी अर्जाला लगेच परवानगी दिली. इतकी लगेच दिली की मला संशय यायला हवा होता. त्यांनी लकडगंजातल्या सगळ्या वखारवाल्यांना सांगून टाकलं, की मारोतरावची पोरगी कॉम्प्युटर शिकायले विदेशात जाऊन राहिली. मी कॉम्प्युटर म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, लाकूड. लाकडाची मोठी घरं कशी बांधायची, कोणतं लाकूड किती वजन पेलतं, किती वाळलं की वाकत नाही, ह्याचं रीतसर शिक्षण असतं आणि ते कॅनडात चांगलं मिळतं. पण ज्या माणसाची लाकडाची वखार आहे त्याला मुलगी लाकूड शिकायला समुद्रापार जाते असं ऐकूच येत नाही. (त्यासाठी मशीनही मिळत नाही.)

प्रवेश परीक्षा दोन. एक गणिताची आणि इंग्रजीची, दुसरी नुसती इंग्रजी समजण्या-बोलण्याची. पहिलीसाठी मनीषनगरात क्लास लावला. क्लास जिमच्या वर आहे, त्यामुळे सर अवघड शब्द सांगत आणि खालून वजनं आपटल्याचा आवाज येई, आणि शब्द डोक्यात पक्का बसल्यासारखा वाटे. घरी पाठांतरासाठी मी चिठ्ठ्या केल्या आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवल्या. भाजी परतता परतता पाठ होईल, असा विचार होता. जिऱ्याच्या डब्यावर 'फ्रुगल' (म्हणजे काटकसरी), मोहरीवर 'लॅव्हिश' (म्हणजे उधळ्या), हळदीवर 'लोक्वेशस' (म्हणजे बडबड्या). आईला मी हे समजावून सांगायला विसरले. तिला वाटलं, पोरगी आपल्याला मसाल्यांची इंग्रजी नावं शिकवून राहिली. ती मन लावून शिकली. शेजारच्या रीना वहिनी एकदा आल्या तर आईनं सहज विचारलं, "रीना, तुझ्याकडं फ्रुगल असन का वं थोडं? आमचं संपलं." रीना वहिनींना वाटलं हा काहीतरी भारी परदेशी मसाला. त्या इतवारीत जाऊन दोन दुकानांत विचारून आल्या, आणि भेटला नाही म्हणून आमच्याशी जरा फटकूनच वागल्या.

मग अर्जासोबत जोडायचा निबंध. आपण कोण, हेच का शिकायचं, आणि आयुष्यात कोणत्या अडचणींवर मात केली, हे लिहायचं होतं. अडचणींपाशी माझी गाडी अडली. मी घरात विचारलं तर बाबांनी ताट बाजूला सरकवलं.

"अडचण? आपल्या घरी? तुले काय कमी केलं वं आम्ही?"

आई म्हणाली, दहावीत टायफॉइड झाला होता ते लिही. बाबा म्हणाले, त्यात मात तिनं नाही, डॉक्टरनं केली. धाकटा पियूष म्हणाला, "ताई, वाघ लिही. बाहेरच्यांले नागपूर म्हटलं की वाघ पाहिजे." बाबा म्हणाले, पेंचला दरवर्षी जाऊन आपण हरणाच्या पाठी पाहून येतो, वाघाची अडचण वाघालाच ठाऊक. शेवटी उन्हाळा लिहायचं ठरलं. मी उन्हाळा लिहिला, आणि वाचून मलाच वाटलं की ही मुलगी कूलरमध्ये पाणी भरण्यापलीकडे काही करत नसावी.

शिफारसपत्राचं तर सांगूच नये. कॉलेजातले सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. स्वतःबद्दल लिहायला लाज वाटते ना हो. मी लिहिलं, मुलगी मेहनती आहे, वेळेवर येते. सर म्हणाले, हे वॉचमनसाठी ठीक आहे. मग पियूषनं हात चालवला. ते वाचून सर म्हणाले, ही मुलगी माझ्या वर्गात होती हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अर्धं खोडून त्यांनी सही केली.

आता मुख्य गोष्ट. इंग्रजी बोलायच्या परीक्षेचा सराव करताना कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारायला हवा, वेळ लावायला हवी. ते काम बाबांनी घेतलं. पुस्तकातला प्रश्न ते एकेक अक्षर लावून वाचत, मोबाइलवर वेळ लावत आणि मी थांबले की "गुड" म्हणत. मी काय बोलते ते त्यांना कळत नसे, त्यामुळे मी मोकळी बोलत असे. एका संध्याकाळी प्रश्न निघाला, की लहानपणी तुम्हाला मनापासून हवी होती पण मिळाली नाही अशी एक गोष्ट सांगा. आणि आत्याबाई, मी उन्हाळा विसरले. मी सांगत सुटले, की मला वडिलांच्या वखारीत जायचं असे. लाकूड चिरायची आरामशीन चालताना सागाचा जो वास सुटतो तो बाबांच्या शर्टाला येई, आणि मी तो शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगत असे. पण मुलीचं तिथं काय काम, म्हणून मला कधी नेलं नाही. पियूषला नेलं, ज्याला भुशानं शिंका येतात आणि शिसम व बाभूळ ह्यातला फरक पाटी वाचून कळतो. माझ्या वडिलांना वाटतं मी कॉम्प्युटर शिकायला दूर चालले. मी खरं म्हणजे त्यांच्याच दुकानात शिरायला चालले, फक्त रस्ता लांबचा पडला.

वेळ संपली. बाबा म्हणाले, "गुड. लय फास्ट बोलली आज." आणि कोपऱ्यात शिंकत बसलेल्या पियूषकडे वळून म्हणाले, "काय म्हणून राहिली होती गा?"

पियूषला खोटं लिहिता येतं पण बोलता येत नाही, हा त्याचा दोष तुम्हाला माहीतच आहे. त्यानं सगळं मराठीत सांगितलं. शर्टासकट. शिसम-बाभळीचं मात्र गाळलं.

त्या रात्री बाबांनी जेवताना रोजचा कांदा मागितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, तब्येत बरी नसन. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीला किक मारता मारता म्हणाले, "बस मांगं."

आत्याबाई, पंचविसाव्या वर्षी मी पहिल्यांदा आपल्या वखारीत खुर्चीवर बसले. बाबांनी खुर्ची गमछ्यानं पुसली. मी पाठ ताठ करून बसले आणि तासाभरात त्यांचं गिऱ्हाईक घालवलं.

झालं असं, मनीषनगरात घर बांधणारे विश्वनाथराव म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ चौकटींसाठी साग पाहायला आले. बाबा त्यांना एक थप्पी दाखवत होते. मी जवळ जाऊन फळीला हात लावला, बिल्डरकडे असताना घेतलेलं ओल मोजायचं छोटं यंत्र माझ्याजवळ होतं ते टेकवलं, आणि बोलून गेले, "काका, हे आतून ओलं आहे. आत्ता चौकट केली तर उन्हाळ्यात वाकडी होईल." विश्वनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, छत्री उचलली आणि चालते झाले.

वखारीत आरामशीन बंद होती, त्यामुळे त्यांच्या चपलांचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू आला.

"अजून शिकली नाई तर गिऱ्हाईक गेलं," बाबा म्हणाले. "शिकून आली तर दुकान जाईन."

मला रडू येत होतं, पण यंत्रावरचा आकडा बरोबर होता, त्यामुळे नीट रडताही येईना. बाबांनी ते यंत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि थप्पीतल्या दुसऱ्या फळीला टेकवलं. मग तिसऱ्या. मग शेडच्या मागच्या जुन्या थप्पीकडे गेले आणि तिथं टेकवत बसले. मला वाटलं, रागावलेत. मग आवाज आला, "मयुरा, इकडं ये वं. हे किती दाखवून राहिलं, चष्मा नाई माझ्याजवळ." दुपारचा डबा आम्ही त्या थप्पीवर बसूनच खाल्ला. त्यांनी कांदा मागितला.

संध्याकाळी विश्वनाथराव परत आले. इतर दुकानं फिरून आले होते. म्हणाले, "सगळ्यांनी सांगितलं एकदम सुकं आहे. ओलं आहे म्हणणारी ही एकच पोरगी. आता ती सांगन ते लाकूड द्या." मी मागची थप्पी दाखवली. बाबा त्यांना चहा पाजताना म्हणाले, "पोरगी लाकडाचं शिकायले कॅनडाले जाऊन राहिली." कॉम्प्युटर हा शब्द त्या दिवसानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

निबंध मी पुन्हा लिहिला. वखार लिहिली. उन्हाळा फक्त लाकूड वाळण्यापुरता ठेवला.

परीक्षा पार पडल्या म्हणायच्या. केंद्रावर खिसे उलटे करून दाखवावे लागले, आईनं बांधलेला काळा दोरा काढावा लागला, आणि बाबा बाहेर सिक्युरिटीवाल्याला त्याच्या घराच्या दारांविषयी सल्ला देत बसले. पहिल्या परीक्षेत नेमकं फ्रुगल आलं, आणि त्याच्या उलट अर्थाचा शब्द हवा होता. मला काही आठवेना, नुसता जिऱ्याचा वास येत राहिला. मी मनात म्हटलं, जिऱ्याच्या शेजारी काय असतं? मोहरी. लॅव्हिश टिचकवलं. बरोबर आलं. बोलायच्या परीक्षेत सगळ्यांना एकाच खोलीत कानाला यंत्र लावून एकदम बोलायचं असतं. माझा विषय होता, माणसं प्राणी का पाळतात. शेजारचा मुलगा आपल्या आजीविषयी इतक्या जोरात सांगत होता की माझ्या उत्तरात एका मांजरीला मधुमेह झाला आणि ती पहाटे उठून भजनं म्हणू लागली. तपासणाऱ्यांना आवडलं असावं. मार्क चांगले पडले.

आणि आत्याबाई, मागच्या आठवड्यात कॅनडाहून प्रवेशाचं कळवलं, शिष्यवृत्तीसकट. पियूष शिंकत शिंकत नाचला. आईनं शिरा केला. बाबांनी बातमी दोनदा वाचून घेतली, डोळे पुसले (भुसा गेला म्हणाले, घरात) आणि मग म्हणाले, "चांगलं झालं. आता ताई म्हणन तसं करू."

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका. मामाजींना नमस्कार, हळू आवाजात.

तुमची,
मयुरा

ता. क. बाबांची 'ताई' म्हणजे तुम्ही, हे सांगायला नको. ते तुमच्या शब्दाबाहेर जात नाहीत. मी वर एवढं लांबलचक लिहिलं ते तुमची करमणूक व्हावी म्हणून नाही. त्यांचा फोन येईल तेव्हा 'जाऊ दे तिला' एवढं म्हणा. तुमच्या होकारासाठी ते अडून बसले आहेत. आईची काळजी नको, ती तयारच आहे.

ता. क. दुसरा. पाकिटाला लावायला घरात डिंक नाही. बाबा म्हणतात, वखारीतल्या सरसानं चिकटवून मीच टाकतो. वाचणार नाही असं त्यांनी कबूल केलं आहे.

ता. क. ताई, मारोतचा नमस्कार. पत्र वाचलं नाई. गिऱ्हाईक परत आलं ते माझा भाव बरोबर होता म्हणून, हे ध्यानात असू दे. ती समजते मी आडवा आहे. आडवी तिची आई आहे. पोरीसमोर शिरा करते अन् माझ्यासमोर भांडे आपटते. मी हो म्हणलो तर पोरीले एवढ्या दूर धाडणारा बाप म्हणून जन्मभर ऐकावं लागन. तुले तिची आई काही बोलणार नाई. म्हणून तू हो म्हण. पण लगेच नको म्हणू, दोन-चार दिवस घे, नाईतर मीच सांगितलं असं वाटन. मग मी फोनवर थोडा नाराज होऊन दाखवीन. ते मनावर घेऊ नको. त्यातलं थोडं खरं असन, तेवढं मात्र समजून घे.